घरात माणसे किती?

“तुझ्या घरात माणसे किती?” असा प्रश्न तुम्हांला कोणी विचारला, तर तुम्ही क्षणाचाही विलंब न लावता उत्तर द्याल. बोटांवर मोजता येण्याजोगे ते गणित. परंतु मुलांनो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पुण्यास वसतिगृहात राहून शिकणारी ताई मोजावयाची की नाही? वर्षातील आठ महिने जहाजावर असणारे काका? गणपतीला गावी जाऊन शिमगा होईपर्यंत तेथेच राहणारी आजी? आणि जेवावयास आपल्या पंक्तीला बसणारा, पण निजावयास शेजारच्या खोलीत जाणारा दादा कोणत्या घरचा म्हणावयाचा?

हे कोडे मला प्रथम पडले ते १९९१ साली. आपल्या देशात दर दहा वर्षांनी जनगणना करण्याची प्रथा आहे. जुनी माणसे तिला शिरगणती किंवा खानेसुमारी म्हणत. घरोघर जाऊन माणसे मोजण्याचे हे काम बहुतांशी शिक्षकांकडे सोपविले जाते. मी त्या वेळी तरुण शिक्षक होतो. माझ्या वाट्यास मुंबईतील माझगाव भागातल्या काही चाळी आल्या. काखेत वह्या आणि खिशात दोन पेने घेऊन मी फेब्रुवारीच्या एका सकाळी निघालो, तेव्हा हे काम चार दिवसांत उरकेल अशी माझी समजूत होती.

काम सुरू होण्यापूर्वी आम्हांस एक व्याख्या शिकविण्यात आली होती. जी माणसे सामान्यतः एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातील अन्न जेवतात, त्यांचे मिळून एक कुटुंब समजावे. रक्ताचे नाते असलेच पाहिजे, असे नाही. सख्खे भाऊ एका छपराखाली राहत असले, पण त्यांच्या चुली वेगळ्या असल्या, तर कुटुंबे दोन. उलट, नात्याने परकी अशी दहा माणसे एका चुलीवर जेवत असली, तर त्यांची नोंद एकत्रच व्हावयाची. थोडक्यात, जनगणनेची वही भिंती मोजीत नाही, नाती मोजीत नाही. ती चूल मोजते. व्याख्या मला पाठ होती. परंतु चाळीचा जिना चढू लागलो, आणि ती व्याख्या पायरीपायरीवर अडखळू लागली.

तो जिना चढण्यापूर्वी माझगावची थोडी माहिती करून घेऊ. ज्या सात बेटांची मिळून मुंबई झाली, त्यांपैकी माझगाव हे एक. पूर्वेस बंदर आणि गोद्या. येथील जहाजे बांधणारी माझगाव गोदी १९६० साली भारत सरकारने आपल्या ताब्यात घेतली. भाऊचा धक्काही येथलाच. कोकण रेल्वे होण्यापूर्वी, एके काळी, कोकणातील हजारो माणसे बोटीने येऊन याच धक्क्यावर उतरत आणि डोक्यावर ट्रंक घेऊन मुंबईत शिरत. १८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली. अंधाऱ्या, कोंदट वस्त्यांत ती झपाट्याने पसरली. तेव्हा शहर सुधारण्यासाठी १८९८ साली सरकारने एक मंडळ स्थापन केले आणि त्या मंडळाने कामगारांसाठी ठिकठिकाणी चाळी बांधल्या. त्यांना आजही ‘बीआयटी चाळी’ म्हणतात. माझगावातील ताडवाडीच्या चाळी त्याच मालिकेतल्या. यांखेरीज खाजगी मालकांच्या चाळीही पुष्कळ होत्या. समोर लांब गॅलरी, तिच्यावर उघडणारी ओळीने दारे, प्रत्येक दारामागे एक खोली, आणि मजल्याच्या टोकाला सामाईक नळ, अशी चाळीची साधारण रचना असते.

अशाच एका चाळीतील चार खोल्यांची हकीकत मी तुम्हांला सांगणार आहे.

पहिल्या खोलीत अकरा तरुण राहत होते. कोणी गोदीत, कोणी छापखान्यात, तर कोणी परळच्या गिरणीत कामास होता. सारे रत्नागिरी जिल्ह्यातील एकाच गावचे. खोली गावाच्या नावाने घेतलेली; प्रत्येकाने महिन्याची वर्गणी द्यावयाची, भिंतीलगत आपली ट्रंक ठेवावयाची आणि आपली वळकटी आपण गुंडाळावयाची. निम्मे जण दिवसपाळीस आणि निम्मे रातपाळीस, म्हणून खोली सर्वांना पुरे. गोव्याच्या लोकांची अशीच गाववार बिऱ्हाडे धोबी तलाव आणि माझगाव या भागांत होती. त्यांना ‘कूड’ म्हणतात. जहाजावर चढण्याची वाट पाहणारे खलाशी तेथे राहत. कुडीत गावच्या संताची मूर्ती असे आणि तिच्यापुढे सायंप्रार्थना होई.

या तरुणांपैकी सहा जण आळीपाळीने स्वयंपाक करीत. उरलेले खालच्या मजल्यावरील मावशींच्या खानावळीत जेवत. झाली माझ्या व्याख्येची पंचाईत! परंतु त्याहून मोठी गोष्ट पुढे कळली. त्यांपैकी चौघांची लग्ने झाली होती. बायकोमुले गावी होती. म्हणजे नवऱ्याची नोंद माझ्या वहीत होणार, आणि त्याच दिवसांत गावचा एखादा शिक्षक त्याच्या पत्नीची नोंद आपल्या वहीत करणार. संसार एक, परंतु त्याची दोन अर्धे दोन वह्यांत.

मुंबईत ही स्थिती नवी नव्हती. गेल्या शतकाच्या आरंभी ती फारच तीव्र होती. १९२१ च्या शिरगणतीत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सुमारे सव्वापाचशे. राहावयास जागा नाही, नोकरीचा भरवसा नाही, आणि गावची शेती टाकून चालत नाही. म्हणून पुरुष शहरात एकटा राही. गावी त्याची पत्नी नांगरणीपासून मळणीपर्यंत सारे पाही आणि सासूसासऱ्यांची सेवाही करी. पुढे कुटुंबे हळूहळू शहरात आली. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया आढळल्या. ज्या मावशी या एकट्या पुरुषांना जेवू घालीत, त्यांचे कष्टही थोडे नव्हते. अशा खानावळवाल्या स्त्रियांना सावकाराच्या कर्जातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले.

दुसऱ्या खोलीत आईबाप, दोन विवाहित मुलगे, दोन सुना, एक अविवाहित मुलगी आणि तीन नातवंडे अशी दहा माणसे होती. चूल एक, कुटुंब एक. माझे काम सोपे झाले. परंतु दहा माणसे एका खोलीत निजत कशी असतील, हा विचार माझ्या मनातून जाईना. पुरुष गॅलरीत अंथरूण घालीत, मुले पलंगाखाली निजत, आणि परीक्षेच्या दिवसांत थोरला नातू जिन्यातील दिव्याखाली अभ्यास करी.

याच संदर्भात एक थोर उदाहरण आठवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शाळेत असताना त्यांचे कुटुंब परळच्या कामगारवस्तीत एका खोलीत राहत होते. भांडीकुंडी, सामानसुमान, माणसांची वर्दळ, यांत अभ्यासास शांतता कोठून मिळणार? तेव्हा त्यांचे वडील रामजी यांनी युक्ती योजिली. भीमरावांना ते लवकर निजवीत आणि स्वतः रात्री दोनपर्यंत जागत. मग मुलास उठवून अभ्यासास बसवीत आणि आपण निजत. जागा एकाचीच, बापलेकांनी ती रात्रीतून वाटून घेतली. पुढे पोयबावडीच्या बीआयटी चाळीत त्यांना दोन खोल्या मिळाल्या. दाटीवाटीच्या घरात माणसे एकमेकांसाठी किती झिजतात, हे यावरून दिसते. परंतु त्या दाटीत सुखच सुख होते, असेही समजू नये. नव्या सुनेस दोन घटका एकांत नसे, आजाऱ्यास विश्रांती नसे. एकत्र राहणे ही माया होती, तशीच ती नित्याची तडजोडही होती.

तिसऱ्या खोलीत पन्नाशी उलटलेले एक जोडपे होते. त्यांना दोन मुलगे. थोरला डोंबिवलीस, धाकटा विरारला. मी तरुण आणि अविचारी होतो, विचारून बसलो, “भांडण झालं का हो?” गृहस्थ हसले. म्हणाले, “भांडण कसलं, मास्तर? माणसं वाढली, खोली वाढत नाही!”

त्यांच्या या उत्तरात शहराचा अर्धा इतिहास सांठवला होता. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यामुळे खाजगी चाळींची भाडी जुन्याच दराने राहिली. त्यामुळे म्हातारी माणसे आपली स्वस्त खोली सोडीत नसत. उलट शहरात नवी जागा घेणे तरुणांच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून मुलगा लग्न झाले की आगगाडीच्या रुळांच्या कडेकडेने दूर दूर सरकत गेला. आईबाप माझगावात, मुलगा विरारला, आणि मध्ये गर्दीने भरलेला गाडीचा डबा. तथापि गावाहून तांदळाचे पोते आले की त्याचे तीन वाटे होत, आणि रविवारी सगळी नातवंडे याच खोलीत जमत.

चौथी खोली गॅलरीच्या टोकाला, नळाशेजारी होती. तेथे सत्तरी ओलांडलेल्या एक आजी एकट्याच राहत. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीवर यजमानांची तसबीर.

“आजी, घरात माणसं किती?” मी विचारले.

“सतरा,” आजी म्हणाल्या.

मी सभोवार पाहिले. आजी बोटांवर मोजू लागल्या. थोरला मुलगा, सून, त्यांची तीन मुले, मधला, त्याची बायको, त्याची दोन, लेक, जावई... मी त्यांना थांबवून म्हणालो, “पण आजी, इथं राहतं कोण?”

“इथं होय? इथं मी.”

मी वहीत ‘१’ लिहिला. आजींची नजर अधू होती, पण तेवढा आकडा त्यांना दिसला. “एकच लिहिलंत?” त्यांनी विचारले. मी चुलीचा नियम समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “तुम्ही चूल मोजलीत. मी आजारी पडले तर कोण कोण धावत येईल, ते मी मोजलं.”

मला उत्तर सुचले नाही. नियमाप्रमाणे माझा आकडा बरोबर होता. परंतु आजींचाही चुकला असे मला म्हणवेना.

मोजणीच्या अखेरच्या रात्री आम्ही बेघर माणसांची गणना केली. बंदराकडील रस्त्याच्या कडेला एका भिंतीच्या आडोशाने एक नवराबायको आणि दोन मुले बसली होती. छप्पर नव्हते, दार नव्हते. परंतु तीन दगडांची चूल होती आणि तिच्यावर भात शिजत होता. मी वहीत लिहिले : कुटुंब १, माणसे ४. व्याख्येचे ते शब्द त्या रात्री मला खऱ्या अर्थाने कळले.

आता या चारही खोल्या एकदम डोळ्यांपुढे आणा. पहिलीत विशीतले तरुण, दुसरीत लहानथोरांनी भरलेला संसार, तिसरीत मुले दूर गेलेले प्रौढ जोडपे, चौथीत एकटी वृद्धा. ही चार वेगवेगळ्या लोकांची घरे वाटतात. परंतु नीट विचार केला, तर एकाच माणसाच्या आयुष्यात या चारही खोल्या येऊ शकतात. त्या आजींचे यजमान तरुणपणी भाऊच्या धक्क्यावर उतरून अशाच गावकीच्या खोलीत राहिले होते. पुढे त्यांनी ही खोली घेतली, आजी गावाहून आल्या, चार लेकरे येथेच वाढली. मग एकेक पाखरू उडून गेले. घर म्हणजे एकदा काढून भिंतीवर टांगलेले चित्र नव्हे. वय वाढते, काम बदलते, जागा अपुरी पडते, आजारपण येते, आणि त्याबरोबर कोण कोणापाशी राहणार, हेही बदलत जाते. १९८२ सालच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगारांचे काम थांबले, तेव्हा कितीतरी जण खोलीला कुलूप घालून गावी परतले. एका संपाने हजारो घरांची मांडणी बदलली.

“पूर्वी सारे एकत्र राहत, हल्ली माणसांत प्रेमच उरले नाही,” असे उद्गार तुम्ही ऐकले असतील. गिरणगावाचा इतिहास पाहिला, तर हे म्हणणे पुरते खरे नाही, असे दिसून येते. शंभर वर्षांपूर्वीही तेथील निम्मा संसार गावी होता. थोर विदुषी इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाच्या ज्या खुणा सांगितल्या, त्यांत एक छप्पर, एक चूल आणि सामाईक मालमत्ता यांचा समावेश आहे. त्यानंतर समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातेतील महुवा या गावाचा अभ्यास करून १९६४ साली निराळा विचार मांडला. वेगळे राहणारे भाऊ एकमेकांच्या अडीअडचणीस, लग्नकार्यास, कर्जास उभे राहत असतील, तर केवळ चुली दोन झाल्या म्हणून कुटुंब तुटले असे समजू नये, असे त्यांच्या अभ्यासाचे सार आहे. पाहा, आजी हेच तर सांगत होत्या.

परदेशांतही सर्वत्र एकच रीत नाही. फिनलंडमधील तरुण सरासरीने एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी आईबापांचे घर सोडतो. इटलीतील तरुण सुमारे तिसाव्या वर्षी. इटलीतील मुलांचे आईबापांवर अधिक प्रेम आहे आणि फिनलंडमधील मुलांचे कमी, असा याचा अर्थ नव्हे. नोकरी केव्हा मिळते, घरभाडे परवडते की नाही, शिक्षणास सरकारी साहाय्य किती, यांवरही ते अवलंबून असते. म्हणून शेजारच्या घरात कोण कोणापाशी राहते, एवढ्यावरून त्यांच्या मायेचे माप काढू नये.

तर मग त्या आजींचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. दोनतीन वर्षांनी मला ती हकीकत समजली. एका पहाटे आजी खोलीत पाय घसरून पडल्या. हाक मारावयाची शक्ती राहिली नाही. साडेपाचला नळाला पाणी आले. चाळीतील बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. त्या रांगेत सहावीत शिकणारी एक मुलगी होती. तिच्या ध्यानात आले, की रोज सर्वांत पुढे असणाऱ्या आजी आज दिसत नाहीत. तिने आईला सांगितले, दार ढकलले, आणि वेळीच आजींस रुग्णालयात नेता आले. त्या सतरा जणांपैकी पहिला माणूस पोहोचावयास तीन तास लागले. त्यांनी हयगय केली नाही. ते लांब होते, एवढेच. परंतु जी प्रथम धावून गेली, ती माझ्या वहीतील ‘१’ मध्येही नव्हती आणि आजींच्या ‘सतरां’तही नव्हती.

आज माझगावात जुन्या चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. घरात नळ आला, स्वतंत्र मोरी आली, मुलांना अभ्यासास जागा मिळाली. हे सारे हवेच होते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चाळीत दिवसा दार बंद दिसले, की चारचौघे विचारीत, “काय झालं?” इमारतीत दार बंदच असते, ते पाहून कोणाला काही वाटत नाही. सरकारने आपल्या परीने व्यवस्था केली आहे. वृद्ध आईवडिलांचे पोषण करणे हे मुलांचे कर्तव्य आहे, असे २००७ सालच्या कायद्याने ठरविले. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. तो तुमच्या इमारतीतील आजीआजोबांना अवश्य लिहून द्या. परंतु कायद्यास नळाच्या रांगेतील रिकामी जागा दिसत नाही. ती पाहावयास डोळे लागतात, आणि ते तुमच्याजवळ आहेत.

आज घरी गेल्यावर एका कागदावर दोन रकाने आखा. पहिल्यात आपल्या चुलीवर जेवणाऱ्यांची नावे लिहा. दुसऱ्यात, आपण अडचणीत आलो तर धावून येतील, अशांची लिहा. हे दोन आकडे सारखे येणार नाहीत. मग कागद उलटा आणि मागील बाजूस आणखी एक यादी करा : कोणाच्या दारी आपण धावून जाऊ? ती यादी करावयास थोडा वेळ लागेल. लागू द्या.